दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी डेटाबेस गायब: मेंटेनन्सचा माग कसा काढला आणि थांबणं कसं कमी केलं

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, ॲनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतो, दर निघतो, पावती छापली जाते. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते आठ, या दोन वेळांना रांग असते. मधल्या वेळात सर्व्हर बंद पडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण सकाळी सहाला बंद पडला, तर दहा मिनिटांत प्रत्येक केंद्राच्या सचिवाचा फोन येतो आणि मागे कॅनांचा आवाज ऐकू येतो.

डेटाबेस क्लाउडवर आहे: पोस्टग्रेस, मॅनेज्ड सेवा (म्हणजे देखभाल क्लाउड कंपनीच करते), आणि दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, स्टँडबाय (गरज पडली तर जागा घेणारी तयार प्रत). वर जावाचं ॲप्लिकेशन. क्लाउड कोणत्या कंपनीचा हे सांगत नाही, कारण चूक आमच्याच सेटिंगमध्ये होती. हाच घोळ कुठल्याही कंपनीच्या सेवेवर होऊ शकतो.

लक्षण काय होतं

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पावत्या थांबायच्या. कधी दोन-तीन मिनिटांत सगळं सुरळीत व्हायचं, तर कधी पंधरा-वीस मिनिटं कुठलीच हालचाल नसायची, आणि शेवटी कुणीतरी ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं की गाडी सुरू व्हायची. पुढचा रविवार साफ, त्याच्या पुढचाही साफ. मग दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा तेच.

लॉगमध्ये जी ओळ ठळक दिसायची ती कनेक्शन पूलची (डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या, सगळ्या विनंत्यांनी वाटून घ्यायच्या कनेक्शनचा साठा): कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली. हिकारी ही जावाची पूल लायब्ररी वापरणाऱ्या कुणालाही ही ओळ ओळखीची वाटेल. ती वाचली की पहिला विचार मनात येतो तो एकच, पूल लहान पडतोय. वेळही गर्दीची होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही. आम्ही पूल १० वरून ४० वर नेला. पुढच्या खेपेला तो ४० चा पूलही तसाच भरून बसला. मग डेटाबेसचं मशीन एक पायरी मोठं घेतलं, महिन्याचं बिल वाढलं, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत पुन्हा सहा वाजून चार मिनिटांनी पावत्या थांबल्या.

तुमच्याकडेही असंच काही होत असेल, तर मशीन वाढवण्याआधी एक काम करा. मागच्या चार-पाच घटनांच्या वेळा एका कागदावर लिहा. आम्ही लिहिल्या तेव्हा सगळे रविवारच निघाले, आणि सगळ्या वेळा सहा ते साडेसहाच्या आत. गर्दी तर रोज सकाळी असते. लोडमुळे बंद पडायचं असतं, तर मंगळवारीही पडलं असतं.

साडेबारा कुणाचे?

क्लाउड कंपनीच्या पॅनेलवर डेटाबेसच्या मेंटेनन्स विंडोत, म्हणजे कंपनीने देखभालीची कामं करायच्या ठरलेल्या वेळेत, लिहिलेलं होतं: रविवार, ००:३० ते ०१:००. ज्याने सेटअप केला त्याने विचार करूनच हे निवडलं होतं, शनिवार-रविवारची मध्यरात्र, सगळं जग झोपलेलं. फक्त त्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरांत यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असं लिहिलं होतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. ००:३० यूटीसी म्हणजे आपल्याकडे सकाळचे बरोबर सहा.

विंडो दर आठवड्याला येते, पण काम दर आठवड्याला नसतं. काही बाकी असेल तरच ती वापरली जाते. म्हणून हा त्रास दर रविवारी न येता मधूनच यायचा, आणि म्हणूनच तो ओळखायला इतका वेळ लागला. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या वर्षातून चार वेळा ठरलेल्या असतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, त्या-त्या महिन्याचा दुसरा गुरुवार. क्लाउडवर त्या थोड्या उशिरा पोचतात. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच मिसळले की आमच्या कागदावरचं वेळापत्रक तयार होतं.

विंडो स्वतः निवडली नसेल तरी ती असतेच, हे अनेकांना माहीत नसतं. ॲमेझॉनच्या आरडीएस या मॅनेज्ड डेटाबेस सेवेत तुम्ही काही न भरल्यास त्या रीजनसाठी (क्लाउडच्या भौगोलिक विभागासाठी) ठरवलेल्या आठ तासांच्या पट्ट्यातून कुठली तरी ३० मिनिटं आणि आठवड्याचा कुठला तरी वार आपोआप दिला जातो. त्यामुळे "आम्ही तर विंडो ठेवलीच नाही" असं कुणी म्हणालं, तर आधी पॅनेल उघडून बघायला सांगा.

नवी वेळ निवडताना आम्ही रविवारी रात्री एक ते दीड धरली. यूटीसीत ती शनिवार १९:३० ते २०:०० होते. वार बदलतो, आणि घाईत भरताना पुन्हा चुकतं ते इथेच. रात्रीचा बॅकअप आणि रात्री दोनला चालणारा हिशेबाचा जॉब यांच्याशी वेळ भिडत नाही ना, तेही पाहिलं. आरडीएसमध्ये बॅकअपची आणि मेंटेनन्सची वेळ एकमेकींवर येऊच शकत नाही. पण तुमचा स्वतःचा जॉब क्लाउडला माहीत नसतो, तो तुम्हालाच बघावा लागतो. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यामुळे ११, २१ आणि १ या तारखांच्या रात्री हिशेब लांबतो. यातली एखादी तारीख रविवारी येत असेल, तर त्या आठवड्याचं काम आम्ही आधीच हाताने उरकून घेतो.

हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासाने सरकतं, यूटीसी सरकत नाही. हिवाळ्यात पहाटे चारला बसवलेली विंडो उन्हाळ्यात तिथल्या पाचला येते.

पण मेंटेनन्स तर दीड मिनिटाचं होतं

विंडो हलवली तेव्हा टीममध्ये सगळ्यांना वाटलं, झालं काम. मला पटेना. क्लाउडच्या घटनांच्या यादीत, भारतीय वेळेत, फेलओव्हर (मुख्य मशीनचं काम स्टँडबायकडे जाणं) सुरू ०६:०४:११, पूर्ण ०६:०५:३८ असं स्पष्ट दिसत होतं. म्हणजे ८७ सेकंद. मग ॲप्लिकेशन सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत काय करत होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ॲप्लिकेशनचा लॉग, डेटाबेसचा लॉग आणि घटनांची यादी, तिन्ही एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लावा आणि सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा. आमचा ॲप्लिकेशनचा लॉग भारतीय वेळेत होता, बाकी दोन यूटीसीत, आणि इतके दिवस आम्ही ते वेगवेगळे वाचत होतो. हे काम लगेच करा. आरडीएसवर घटनांची यादी मागच्या १४ दिवसांचीच मिळते, नंतर पुरावा राहत नाही.

तक्ता मांडल्यावर दोन प्रकारचे रविवार वेगळे दिसायला लागले.

पहिल्या प्रकारात लॉगमध्ये चुका भराभर पडलेल्या होत्या: "ॲडमिनिस्ट्रेटरच्या आदेशाने कनेक्शन बंद करत आहे", कोड ५७पी०१. त्यामागोमाग "डेटाबेस सुरू होत आहे", कोड ५७पी०३. दोन-तीन मिनिटांनी सगळं ठीक. डेटाबेस इंजिनची आवृत्ती बदलताना असं होतं. पोस्टग्रेस नीट निरोप घेऊन बंद होतो, समोरच्या प्रत्येक कनेक्शनला सांगून जातो. पूलला लगेच कळतं, तो जुनं टाकून नवं कनेक्शन मागतो. एक गैरसमज इथेच दूर करतो. स्टँडबाय आहे म्हणून आवृत्ती बदलताना थांबावं लागणार नाही, असं नाही. आरडीएसच्या नेहमीच्या मल्टी-एझेड रचनेत (दुसऱ्या झोनमध्ये एक स्टँडबाय) इंजिन बदलताना मुख्य आणि स्टँडबाय दोन्ही एकदमच बदलतात, त्यामुळे तेवढा वेळ बंद राहतंच.

दुसऱ्या प्रकारच्या रविवारी लॉगमध्ये सुरुवातीला काहीच नव्हतं, एकही चूक नाही. सहा चारनंतर नुसती शांतता, आणि अर्ध्या मिनिटाने ती पूलची ओळ. हा ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच. त्यात आधी स्टँडबायवर काम होतं, मग त्याला मुख्य केलं जातं, आणि जुनं मशीन बाजूला जातं. आमच्या बाबतीत ते मशीन निरोप न घेताच नेटवर्कवरून नाहीसं झालं. आपल्या बाजूच्या कनेक्शनला मात्र ते अजून तिथेच आहे असं वाटत राहिलं.

आता पंधरा मिनिटांचा उलगडा. लिनक्सवर एखादं पॅकेट पाठवलं आणि पोच आली नाही, तर ते पुन्हा-पुन्हा पाठवलं जातं, दर वेळी जास्त थांबून. किती वेळा पाठवायचं हे टीसीपी रिट्राइज-टू नावाची सेटिंग ठरवते. तिची मूळ किंमत १५, आणि त्याप्रमाणे हार मानेपर्यंत साधारण ९२४ सेकंद जातात. म्हणजे सव्वापंधरा मिनिटांहून थोडं जास्तच. ०६:०४ मध्ये एवढे मिळवले की ०६:१९ येतात, आणि आमच्या लॉगमध्ये काही कनेक्शन बरोबर त्याच वेळी सुटलेली होती. तो आकडा जुळला, तेव्हा वर्षभराचं कोडं एका बेरजेत सुटलं.

पण सगळी कनेक्शन तेव्हाही सुटली नव्हती. ज्यांची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) डेटाबेसपर्यंत पोचली होती आणि जी फक्त उत्तराची वाट पाहत होती, त्यांच्याकडे पुन्हा पाठवायला काही नव्हतंच. ती नुसती ऐकत बसलेली. त्यांना जागं करणारं कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे ना हे मधूनमधून विचारणारी तपासणी, लिनक्सवर मुळात दोन तासांनी सुरू होतं, आणि पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये तर ते चालूच नसतं. म्हणून रीस्टार्ट केल्याशिवाय पूर्ण सुटका होत नव्हती. आणि म्हणूनच पूल ४० चा केल्याने काही साधलं नाही, १० ऐवजी ४० कनेक्शन अडकली इतकंच.

आम्ही काय बदललं

सगळ्यात मोठा फरक सॉकेट टाइमआउटने, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची या मर्यादेने, पडला. जावा ड्रायव्हरमध्ये त्याची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे अमर्याद वाट पाहा. पावतीच्या पूलसाठी आम्ही ती १० सेकंद केली. इथे एक काळजी घ्या: ही किंमत तुमच्या सगळ्यात लांब क्वेरीपेक्षा मोठी हवी, नाहीतर चांगली चाललेली क्वेरी मध्येच तुटेल. दहा दिवसांच्या बिलाची क्वेरी आमच्याकडे चार मिनिटं चालते. म्हणून बिलासाठी वेगळा पूल केला आणि त्याला दहा मिनिटं दिली. एकाच पूलमध्ये दोन्ही कामं ठेवून मधला आकडा शोधत बसू नका, तो दोघांनाही गैरसोयीचा ठरतो.

कीपअलाइव्ह चालू केलं. जावा ड्रायव्हरमध्ये ते फक्त चालू-बंद करता येतं, किती सेकंदांनी तपासायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. कंटेनरमध्ये चालवत असाल तर ती किंमत कंटेनरच्या आत जाऊन तपासा, बाहेरच्या मशीनवर बदलून आत बदलली असेल असं धरू नका. पायथनवाल्यांचं काम सोपं आहे. सायकोपीजी वगैरे ज्या लायब्रऱ्या पोस्टग्रेसच्या मूळ सी लायब्ररीवर उभ्या आहेत, त्यांना कनेक्शनच्या ओळीतच कीपअलाइव्हच्या वेळा देता येतात, आणि पोस्टग्रेस १२ पासून टीसीपी यूजर टाइमआउटही (पाठवलेल्या डेटाची पोच यायची किती वेळ वाट पाहायची). ही दुसरी किंमत मिलिसेकंदांत असते. ३० लिहिलंत तर ३० सेकंद होत नाहीत.

नावाचा पत्ताही तपासा. फेलओव्हरनंतर डेटाबेसचं नाव तेच राहतं, त्यामागचा आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो. जावा नावाचं उत्तर काही काळ लक्षात ठेवतो, आणि जावाचा सिक्युरिटी मॅनेजर (परवानग्या तपासणारा भाग) लावलेल्या जुन्या सेटअपमध्ये तर कायमचं. ती मुदत आम्ही पाच सेकंदांवर आणली. आणि रिपोर्टच्या सेवेत तर नावाऐवजी सरळ आयपीच लिहून ठेवलेला सापडला. कधीतरी रात्री नाव लागत नव्हतं म्हणून कुणीतरी तात्पुरता टाकला होता.

पुन्हा पाठवताना दूध दुप्पट होऊ नये

आता डेटाबेस दीड मिनिट गेला तरी केंद्रावरचं यंत्र पावती स्वतःकडे ठेवतं, छापून देतं आणि नंतर सर्व्हरला पाठवतं. हे लिहायला सोपं वाटतं, पण यात पैशांचा प्रश्न आहे. कनेक्शन तुटलं त्या क्षणी नोंद डेटाबेसमध्ये झाली होती की नाही, हे यंत्राला कळत नाही. झाली असेल आणि यंत्राने पुन्हा पाठवली, तर एका शेतकऱ्याच्या नावावर सात लिटरऐवजी चौदा लिटर लागतात. झाली नसेल आणि पाठवली नाही, तर त्याचं सकाळचं दूध फुकट गेलं. दोन्ही वेळा हिशेब चुकतो, आणि दुसऱ्या वेळी तो अशा माणसाचा चुकतो ज्याचं घर या बिलावर चालतं.

पहिला उपाय सुचला तो असा: केंद्र, सभासद क्रमांक, तारीख आणि सत्र मिळून एकच नोंद मान्य करायची. तो चुकीचा होता. एकच शेतकरी गायीचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं घालतो. कुणी आधी एक कॅन देतो, घरी जाऊन दुसरा आणतो. खऱ्या दोन नोंदींतली एक आम्ही गाळली असती. मग पावती यंत्रावर तयार होतानाच तिला एक अनोखा क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) घालायचं, असं ठरलं. तीच पावती दहादा आली तरी एकदाच नोंदली जाते. पुन्हा पाठवायचं डोकं चालवण्याआधी हे बंधन घाला, उलट क्रमाने करू नका.

आणि सगळ्या यंत्रांनी एकाच सेकंदाला पुन्हा धडका मारू नयेत म्हणून प्रत्येक खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा, वर थोडा यादृच्छिक वेळ मिळवायचा. नाहीतर नुकताच उठलेला डेटाबेस सगळ्या केंद्रांच्या एकत्रित गर्दीने पुन्हा आडवा होतो.

रंगीत तालीम

हे सगळं बसवल्यावर पुढच्या पॅचची वाट पाहत बसलो नाही. आरडीएसमध्ये रीबूट करताना फेलओव्हरसकट करण्याचा पर्याय मिळतो, बाकीच्या मोठ्या सेवांतही याला समांतर सोय असते. मंगळवारी दुपारी दोनला, संकलन नसताना, आम्ही तो मुद्दाम केला. एक जण यंत्रावर दर पाच सेकंदांनी खोटी पावती टाकत होता, दुसरा घड्याळ बघत होता. पहिल्या तालमीत पावत्या नीट आल्या, पण रिपोर्ट परत आला नाही. तो लिहून ठेवलेला आयपी तेव्हाच सापडला. दुसऱ्या तालमीत शेवटची जुनी आणि पहिली नवी पावती यांच्यात एक मिनिट पन्नास सेकंद गेले, आणि कुणी काही रीस्टार्ट केलं नाही.

यादी कोण बघतं?

बाकी असलेलं काम आधी कळण्याची सोय सगळीकडे आहे, पण ती चालू करून ठेवावी लागते. आरडीएसमध्ये पेंडिंग मेंटेनन्सची यादी असते. तिथून काम आत्ता लावता येतं किंवा पुढच्या विंडोत ढकलता येतं, आणि काही कामांना सक्तीची तारीख असते, तीही तिथेच दिसते. गुगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये वार आणि तास निवडता येतो, सूचनेचा ईमेल मागितला तर निदान आठवडाभर आधी येतो, आणि ९० दिवसांपर्यंतचा नकार कालावधी ठेवता येतो. सणासुदीच्या विक्रीवर ज्यांचं वर्ष अवलंबून असतं, त्यांना तो फार उपयोगाचा. अझूरच्या फ्लेक्झिबल सर्व्हरमध्ये स्वतःची विंडो ठरवली तर पाच दिवस आधी सूचना येते. आमच्याकडे सूचनेचे ईमेल वर्षभर येत होते, पण ते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. आता ते टीमच्या सामाईक पत्त्यावर येतात आणि दर सोमवारी एक जण यादी उघडून बघतो.

आपोआप होणारी छोटी आवृत्ती बंद करावी का, असं बरेच जण विचारतात. माझं मत: टेस्टवर चालू ठेवा. प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर बंद करायची असेल, तर दर तिमाहीला हाताने लावणारा माणूस नावानिशी ठरवा. तो ठरत नसेल तर चालूच राहू द्या. कामं ढकलत राहिलं की सुरक्षेचे पॅच साठतात आणि शेवटी सक्तीची तारीख आपल्या सोयीने येत नाही. आणखी एक बारकावा: आरडीएसमध्ये काही पॅरामीटर बदलले की "रीबूट बाकी" असं दिसतं. विंडो येऊन गेली तरी तो रीबूट आपोआप होत नाही, तो तुम्हालाच करावा लागतो.

आदल्या संध्याकाळी सचिवांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकतो: "आज रात्री १ ते १:३० सर्व्हरचं काम आहे, पावत्या यंत्रावर साठतील, सकाळी आपोआप जातील." त्याने सकाळचे निम्मे फोन वाचतात.

एक गोष्ट अजून उरते. फेलओव्हरनंतर नव्या मशीनची मेमरी रिकामी असते, त्यामुळे सकाळची पहिली रांग संथ चालायची, दरपत्रक आणि सभासदांची यादी डिस्कवरून वाचली जायची. आता रात्री १:३५ ला एक छोटा जॉब पीजी-प्रीवॉर्म हे पोस्टग्रेसचं एक्स्टेंशन वापरून तेवढी दोन टेबलं आणि त्यांचे इंडेक्स मेमरीत आणून ठेवतो. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली असेल, तर त्याच जॉबच्या आधी ॲनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणारी आज्ञा, चालवतो. १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीजी-अपग्रेड (मोठी आवृत्ती बदलणारं साधन) टेबलांची आकडेवारी पुढे नेत नाही, आणि त्याविना प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) चुकीचा रस्ता धरतो.